दोन दिनार : सेवा आणि सेवेचे मोल



गेल्या वर्षी जागतिक रुग्णदिनी, म्हणजे ११ फेब्रुवारीला, मिस्सा संपल्यावर आपण परिसरातील काही आरोग्यसेवकांचा छोटासा सत्कार केला होता, हे अनेकांना आठवत असेल. एक डॉक्टर, दोन नर्सबाई, रुग्णवाहिकेचे चालक आणि शेजारच्या गावांतून आलेल्या दोन आशाताई. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल. आम्ही भाषणही केले. निःस्वार्थ सेवा, त्याग, ममता असे सगळे शब्द त्यात आले आणि टाळ्याही पडल्या.

चहाच्या वेळी त्यांतील एक आशाताई आमच्याजवळ आल्या आणि हसतच म्हणाल्या, "फादर, शाली तं चार झाल्या माह्यापाशी. पैसे मात्र तीन महिन्यांपासून आले नाईत. किराणावाल्याले शाल दाखोली तं उधारी थोडीच मिटते?"

आम्हीही हसलो. पण त्या वाक्याने आम्हाला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. आपल्या भाषणात काहीतरी राहून गेले होते. ते काय, याचा शोध आम्ही पवित्र शास्त्रात आणि आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात घेण्याचा प्रयत्न केला. तोच आज आपल्यापुढे ठेवत आहोत.

१. दाखल्यातील विसरलेला माणूस

भल्या शोमरोन्याचा दाखला (लूक १०:२५-३७) आपल्याला पाठ आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, पाहूनही पुढे निघून गेलेले याजक व लेवी, आणि थांबलेला शोमरोनी. जखमांना तेल व द्राक्षारस लावून पट्ट्या बांधणारा हा शोमरोनी म्हणजे सेवेचा आदर्श, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो.

परंतु या दाखल्यात आणखी एक माणूस आहे. त्याच्यावर सहसा प्रवचन होत नाही. तो म्हणजे उतारशाळेचा मालक. शिरपूरच्या माणसाला उतारशाळा समजावून सांगायला नको. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला दूरदूरहून येणारे यात्रेकरू आणि त्यांच्या धर्मशाळा आपण रोज पाहतो. दुसऱ्या दिवशी शोमरोनी आपल्या कामाला निघून गेला. त्यानंतर त्या जखमीला पाणी कोणी दिले? पट्ट्या कोणी बदलल्या? रात्री तो कण्हू लागला तेव्हा कोण उठले? त्या उतारशाळेतील माणसांनीच हे सगळे केले असणार.

आणि येथे प्रभू येशू एक बारीक तपशील सांगतो. शोमरोन्याने जाताना दोन दिनार काढून मालकाच्या हातावर ठेवले आणि जास्त खर्च झाला तर परत येताना तोही देईन, असा शब्द दिला. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) मजुराची एका दिवसाची मजुरी एक दिनार आहे. म्हणजे शोमरोन्याने दोन दिवसांची मजुरी आगाऊ दिली आणि बाकीची देण्याची हमी घेतली. "तू भला माणूस आहेस, तुला पुण्य लागेल" असे म्हणून तो निघून गेला नाही. ज्याला आपण दयेचा दाखला म्हणतो, त्यातच हिशेबही आहे.

२. फुकट की मजुरी?

यावर कोणी म्हणेल, "पण प्रभूनेच शिष्यांना सांगितले होते ना, की रोग्यांना बरे करा, तुम्हाला फुकट मिळाले आहे, तुम्हीही फुकट द्या?" होय, ते मत्तय १०:८ मध्ये आहे. पण त्याच्या दोनच ओव्या पुढे, मत्तय १०:१० मध्ये, काम करणारा आपल्या अन्नाचा हक्कदार आहे, असेही प्रभू म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानात (१०:७) तर मजुरी हाच शब्द येतो, आणि तोही भल्या शोमरोन्याच्या दाखल्याच्या त्याच अध्यायात.

या दोन वचनांत विरोध नाही. देवाची कृपा विकायची नसते, म्हणून ती फुकट. पण कृपा वाहून नेणाऱ्या माणसाला पोट आहे, घर आहे, लेकरे आहेत. त्याच्या श्रमाचे मोल चुकवणे हे ज्यांना सेवा मिळते त्यांचे कर्तव्य आहे.

जुन्या करारातील बेन सिरा या ग्रंथाचा ३८ वा अध्याय अवश्य वाचावा. वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे, असे तो सांगतो. औषधे भूमीतून येतात, शहाणा माणूस ती तुच्छ मानत नाही, आणि वैद्यालाही राजाकडून देणगी मिळते, असेही त्यात आहे. आजारपणात प्रार्थना करा आणि वैद्यालाही बोलवा, या दोन्ही गोष्टी हा ग्रंथ शेजारीशेजारी ठेवतो.

३. कालचे सेवक

आपल्या आजीच्या काळात गावात डॉक्टर नव्हता. बाळंतपणाला सुईण यायची. नाळ कापणे, बाळाला न्हाऊ घालणे, बाळंतिणीला शेकणे हे सारे तीच करायची. बदल्यात तिला पायलीभर धान्य, खण-नारळ, फार तर एखादे लुगडे मिळे. आणि पुष्कळदा ज्या घरातले बाळ तिने जगात आणले, त्याच घराच्या ओट्यावर तिला बसू दिले जात नसे. बाळाला तिचा हात चालत होता, पण माणूस म्हणून ती चालत नव्हती.

शिकलेल्या स्त्रियांनी या क्षेत्रात पाऊल टाकले तेव्हा त्यांनाही कमी सोसावे लागले नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या आणि कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होण्याआधीच १८८७ मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी वारल्या. बालविवाहाच्या खटल्याला तोंड देणाऱ्या रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी आपले सारे आयुष्य स्त्रियांच्या रुग्णालयांत घालवले. १८९७ च्या प्लेगमध्ये लोक पुणे सोडून पळत असताना सावित्रीबाई फुले रुग्णांजवळ थांबल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यासाठी रुग्ण आणता आणता त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आपल्या ख्रिस्तसभेनेही येथे एक धडा उशिरा शिकला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. व्रतस्थ भगिनींनी वैद्यकीचे व बाळंतपणाचे काम करू नये, असा चर्चचा नियम दीर्घकाळ होता. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लावरी १९२० मध्ये आंध्रातील गुंटूर येथे आल्या. व्रत घेऊनही त्यांना डॉक्टरकी करता यावी म्हणून पोप महोदयांची खास परवानगी घ्यावी लागली. हा नियम रोमने १९३६ मध्ये बदलला. १९४३ मध्ये याच सिस्टर-डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी राहिली. आज गावोगावच्या दवाखान्यांत धर्मभगिनी दिसतात, त्यामागे हा इतिहास आहे.

देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास स्थिती काय होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. त्याच समितीच्या शिफारशींमधून पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. पण केंद्राची इमारत बांधून भागत नाही. तेथून वस्तीपर्यंत जाणारा माणूस लागतो.

तो माणूस आपल्या महाराष्ट्रानेच शोधून दिला. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. शिकलेल्या नर्स खेड्यात राहायला तयार नव्हत्या. तेव्हा त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवायचे ठरवले. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकजणी दलित वस्तीतल्या होत्या. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचे पाणी, कुष्ठरोगाचा डाग ओळखणे हे सारे त्या शिकल्या. ज्या बाईला पूर्वी ओट्यावर बसू दिले जात नव्हते, तिलाच लोक घरात बोलावून सल्ला विचारू लागले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनेक देशांतील लोक हे काम शिकायला जामखेडला आले.

४. गडचिरोलीपासून आपल्या दारापर्यंत

आपल्याच विदर्भातील गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथे नवजात बाळे फार मरत होती आणि रुग्णालय लांब होते. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून तयार केले. या बायका घरी जाऊन बाळाचे वजन करीत, श्वास मोजीत, बाळाला उबदार ठेवायला शिकवीत आणि जंतुसंसर्ग दिसला तर इंजेक्शनही देत. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याचे निष्कर्ष छापून आले. ज्या गावांत आरोग्यदूत नव्हते तेथे हजार जन्मांमागे सुमारे ६० नवजात बाळे दगावत होती. आरोग्यदूत असलेल्या गावांत हा आकडा सुमारे २५ वर आला होता. बंधुभगिनींनो, हे आकडे म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरातले पाळणे आहेत.

एप्रिल २००५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले आणि 'आशा' हे पद निर्माण केले. साधारण हजार लोकवस्तीमागे एक, त्याच गावात राहणारी, शक्यतो गावची सून. पुढे २०११ मध्ये नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याचे काम देशभरातील आशांवर सोपवण्यात आले. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटायचे. या सहा भेटींचा मोबदला ठरला २५० रुपये.

जरा हिशेब करू या. एका भेटीचे पडतात सुमारे ४२ रुपये. ऊन असो, पाऊस असो, शेतात सोयाबीनची सोंगणी चालू असो, तिने वस्तीवर जायचे, वजनकाटा लावायचा, तापमान घ्यायचे, आईशी बोलायचे, फॉर्म भरायचा. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची एका दिवसाची मजुरी २७३ रुपये होती. म्हणजे बाळाच्या सहा भेटींचे मिळून, खडी फोडण्याच्या एका दिवसाइतकेही नाही! शोमरोन्याचे दोन दिनार येथे आठवतात.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की परिस्थिती अगदी तशीच राहिलेली नाही. नेहमीच्या कामांसाठी केंद्राकडून मिळणारी ठरावीक रक्कम २०१८ मध्ये दरमहा हजाराची दोन हजार झाली. राज्य सरकारनेही वेळोवेळी भर घातली आणि मार्च २०२४ मध्ये दरमहा ५ हजारांची वाढ मंजूर केली. पण हे सहजासहजी मिळाले नाही. जून २०२१ मध्ये, करोनाच्या ऐन दिवसांनंतर, राज्यातील आशांना संप करावा लागला. २०२३ च्या ऑक्टोबरात पुन्हा संप झाला आणि २०२४ च्या सुरुवातीला मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. याच आशांना मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवले होते. म्हणजे जगाने त्यांनाही शालच दिली होती.

करोनाच्या काळात आपण दारे लावून बसलो होतो तेव्हा दार ठोठावणारी तीच होती. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या २०२० च्या मोहिमेत घराघरांत जाऊन ताप व प्राणवायू मोजणारी तीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १ लाख १५ हजार आरोग्यसेवक करोनाने दगावले. त्यांत डॉक्टर होते, परिचारिका होत्या, आणि ज्यांचे नाव कोठल्याच फलकावर येत नाही असे वॉर्डबॉय व सफाई कामगारही होते.

५. प्रेम आणि पगार

आता थोडा विचार करू या. "पैशासाठी केलेली सेवा ही सेवाच नव्हे" असे काहीजण म्हणतात. या म्हणण्यात सत्याचा अंश आहे. रुग्णांचे आश्रयदाते संत कमिलस सोळाव्या शतकात रोमच्या रुग्णालयात स्वतः आजारी म्हणून गेले होते आणि पुढे तेथेच कामाला लागले. पगारी नोकर रुग्णांकडे कसे दुर्लक्ष करतात हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि आई जशी एकुलत्या एका आजारी लेकराला सांभाळते तशी रुग्णांची सेवा करणारा संघ काढला. माया पगाराने विकत मिळत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

पण याचे उलटे वाक्य खरे नाही. पगाराने प्रेम मिळत नाही हे मान्य. म्हणून प्रेम असले की पगार नको, असे होत नाही. न्याय म्हणजे ज्याचे जे आहे ते त्याला देणे, हे संत थॉमस अक्वायनस यांच्यापासून आपण शिकलो. प्रीती न्यायाच्या पुढे जाते, पण न्यायाला वगळून जात नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावरील आदेशात (क्र. ८) हेच बजावले आहे. आधी न्यायाचे देणे फेडावे. जे हक्काचे आहे ते दान म्हणून देऊ नये.

आणखी एक फरक लक्षात घ्यावा. धर्मभगिनी दारिद्र्याचे व्रत घेते. ते ती स्वखुशीने, विचारपूर्वक घेते आणि तिचा संघ तिला आयुष्यभर सांभाळतो. आशाताईने असे कोणतेही व्रत घेतलेले नाही. कंत्राटी नर्सने घेतलेले नाही. रुग्णवाहिकेच्या चालकाने घेतलेले नाही. दुसऱ्यावर लादलेल्या दारिद्र्याला आपण त्याग हे नाव देऊ लागलो, तर तो शब्दांचा गैरवापर होईल. आमच्या गेल्या वर्षीच्या भाषणात नेमकी हीच चूक झाली होती.

६. आपली वागणूक

सरकारकडे बोट दाखवणे सोपे आहे. पण मोल केवळ पैशाचे नसते, वागणुकीचेही असते. येथे आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी एका वृद्ध श्रद्धावंताला घेऊन आम्ही रात्री एका रुग्णालयात गेलो होतो. खूप वेळ कोणी पाहिना. शेवटी आम्ही तेथील सिस्टरवर आवाज चढवला. पांढरा झगा घातलेल्या माणसाने चारचौघांत आवाज चढवला की समोरचा गप्पच बसतो. त्या काही बोलल्या नाहीत. नंतर कळले की दोन वॉर्ड मिळून त्या एकट्याच होत्या आणि आदल्या दिवसाचीही त्यांची रात्रपाळीच होती. पहाटे आम्ही खुर्चीवर डुलकी घेऊन उठलो तेव्हा बाबांच्या अंगावर नीट पांघरूण घातलेले होते. ते आम्ही घातले नव्हते. आम्ही क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ द्या फादर, सवय आहे." ही सवय त्यांना कोणी लावली? आपणच.

आरोग्यसेवकांवरील हल्ले थांबावेत म्हणून महाराष्ट्रात २०१० मध्ये खास कायदा करावा लागला. कायदा करावा लागला, यातच आपले अपयश आहे. वाशीमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही आपल्या जिल्ह्यासाठी आनंदाची गोष्ट. तेथून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना आपल्या भागात थांबावेसे वाटेल की नाही, हे आपण त्यांच्याशी कसे वागतो यावरही ठरेल.

म्हणून पुढील काही गोष्टी आपण ठरवून कराव्यात, अशी आमची विनंती आहे.

(१) आशाताई किंवा नर्सबाई दारात आली की तिला आत बोलवा, बसायला द्या, पाणी विचारा. तिची जात विचारू नका.

(२) बाळंतपणानंतरच्या सहाही भेटी होऊ द्या. "काल तर येऊन गेली" म्हणून तिला परत पाठवू नका. तिची भेट बाळासाठी असते आणि तिचा मोबदलाही त्याच नोंदीवर अवलंबून असतो.

(३) दवाखान्यात वाट पाहावी लागली तर आवाज चढवण्यापूर्वी एक प्रश्न विचारा, "सिस्टर, आज तुम्ही किती जण आहात?"

(४) येत्या ११ फेब्रुवारीला शाली नकोत. त्याऐवजी परिसरातील आशाताईंना चांगला रेनकोट आणि एक टॉर्च द्यावा, असे आम्ही पॅरिश कौन्सिलपुढे ठेवणार आहोत.

(५) आशांचा थकलेला मोबदला दरमहा वेळेवर मिळावा, असे निवेदन तयार केले आहे. आजच्या मिस्सानंतर ते सभागृहात ठेवलेले असेल. वाचून पटले तर सही करावी.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या जन्मापासून आजवर माझी काळजी घेतलेल्या किती आरोग्यसेवकांची नावे मला माहीत आहेत?

२. माझ्या घरी, शेतात किंवा दुकानात काम करणाऱ्याचे काही देणे मी "तो आपलाच माणूस आहे" म्हणून थकवले आहे काय?

३. भल्या शोमरोन्याच्या दाखल्यात मी आज कोण आहे? जखमी वाटसरू, पुढे गेलेला याजक, शोमरोनी, की उतारशाळेचा मालक?

शेवटचे एक. शोमरोन्याने मालकाला परत येण्याचा शब्द दिला होता. अनेक धर्मपंडितांनी या शोमरोन्यात स्वतः प्रभू ख्रिस्ताला पाहिले आहे. तो परत येईल तेव्हा आपल्याला हिशेब विचारील. आपल्या गावातील दुखणाईतांना ज्यांच्या हाती त्याने सोपवले आहे, त्यांचे दोन दिनार आपण मधल्या मध्ये ठेवून तर घेतले नाहीत ना, एवढेच आपण पाहिले पाहिजे.

सर्व आजाऱ्यांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्या सर्वांना प्रभू आरोग्य, धीर आणि त्यांच्या श्रमाचे योग्य मोल देवो.

आपला,
धर्मगुरू